क्लच उजवीकडे

मामा, मी मोटारसायकल घेतली. स्कूटर नाही, गिअरची गाडी. काळी आहे, टाकीवर बारीक लाल पट्टा आहे. तुम्ही असता तर गाडीभोवती एक फेरी मारून, खाली वाकून आधी चेन बघितली असती आणि मग माझ्याकडे बघितलं असतं.

चाकणच्या शोरूममधल्या सेल्समननं हसून खुर्ची दिली आणि ॲक्सेसरीजचं पुस्तक पुढं ठेवलं. सीट कव्हर, मोबाइल होल्डर, टाकीवरचं पॅड, बारीक इंडिकेटर, असं एकेक दाखवत होता. पान धरायला मी डावा हात पुढं केला आणि तो बोलायचा थांबला. माझ्या त्या हाताला तळवा आहे आणि अंगठा आहे, बाकीची चार बोटं नाहीत. त्यानं पुस्तक हळूच मिटलं आणि म्हणाला, "सर, स्कूटरमध्येपण चांगली मॉडेल्स आलीत. दाखवू का?" त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. क्लच डाव्या हातानं दाबायचा असतो, आणि दाबायला बोटं लागतात. मी म्हणालो, "स्कूटर खूप वर्षं चालवली. आता हीच द्या. क्लचचं मी बघतो." बायकोला मी कामावर जायच्या महाळुंग्याच्या रस्त्याचं कारण सांगितलं होतं, खड्डे, कंटेनर, स्कूटरची लहान चाकं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घ्या की. किती दिवस मनात ठेवणार." खरं कारण तिला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक आहे. बाविसाव्या वर्षी एक गाडी बुक केली होती आणि ती घरी आलीच नाही.

ती गाडी यायच्या आधीच तुम्ही मला सामान घ्यायला पिंपरी मार्केटला घेऊन गेला होतात. रविवार होता. तुमची ती जुनी गाडी, हँडल तुम्ही स्वतः वर उचललेलं, डबा अडकवायला टाकीखाली लोखंडी हूक, हॉर्नचं बटण कुठल्या तरी भंगारातल्या मशीनचं. मी मागं बसलोय आणि मला वाटतंय, माझी गाडी अशी दिसता कामा नये. दुकानात मी पहिल्यांदा सायलेन्सर मागतो, मोठ्या आवाजाचा. मग निळे लाइट. मग म्हणतो, साडी गार्ड काढून टाकायचा आणि आरसेही, गाडी हलकी दिसते. दुकानदार मान डोलावतो. तुम्ही मात्र काउंटरवर हात ठेवून उभे राहता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "आरसे काढणाऱ्याला मी घरात घेणार न्हाई. साडी गार्ड राहू दे, उद्या बायको बसंल मागं. आधी लेग गार्ड बघ. पडल्यावर पाय वाचला पाहिजे. दिसायचं नंतर बघू, आवाजाचं तर बघूच नको." मला तेव्हा दुकानदाराची लाज वाटली होती. लेग गार्ड तुम्हीच निवडलात, जाड नळीचा, वेल्डिंगवरून बोट फिरवून बघितलंत, आणि माझ्या हातात दिलात. "हे माझ्याकडून," म्हणालात. भोसरीला परत येताना तो माझ्या मांडीवर आडवा होता आणि माझे गुडघे सोलवटून निघाले.

खोलीवर आलो तेव्हा मामी स्टोव्हसमोर भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मान वळवून बघितलं आणि म्हणाल्या, "गाडीचा पत्ता न्हाई, अन् गाडीचे पाय घेऊन आलात." तुम्ही इतके हसलात की तुमची लेक, चौथीत होती तेव्हा, अभ्यास सोडून बघायला आली. तिनं लेग गार्ड कमरेभोवती धरला आणि खोलीभर गाडी चालवली. खोली केवढी, तर चौघं झोपलो की दार उघडता येत नसे. मी गावाकडून आयटीआय करून आलो, आईनं तुम्हाला फोन केला आणि तुम्ही एका शब्दानं काही न विचारता मला त्या खोलीत घेतलंत. हे मी विसरलेलो नाही. पुढचं लिहायचं आहे म्हणून आधी हे लिहून ठेवतो.

कंपनीतही तुम्हीच घेऊन गेलात. प्रेस शॉप. खाली डायवर पत्रा ठेवायचा, वरून कित्येक टनांचा ठोका येतो आणि पत्र्याचा ब्रॅकेट होतो. दिवसभर तेच. डाय बसवायचं काम तुमचं, मशीन चालवायचं माझं. पहिल्या दिवशी तुम्ही मला ठोका दाखवलाच नाहीत, आधी दोन बटणं दाखवलीत. ती मुद्दाम लांब लांब बसवलेली, दोन्ही हात त्यांच्यावर असल्याशिवाय मशीन खाली येणार नाही. मग समोरचे दोन खांब, त्यांच्या मधून न दिसणारे किरण जायचे. हात मध्ये आला की सेन्सर मशीन थांबवणार. तुम्ही त्याला पडदा म्हणायचात. "हात कुठं हायत ते आधी. काम नंतर," हे तुम्ही किती वेळा सांगितलंत त्याला हिशेब नाही. एकदा पत्रा डायमध्ये अडकला आणि मी चिमटा न घेता हातानं काढला. मशीन बंद होतं. तरी तुम्ही सगळ्या लाइनसमोर माझ्या कानाखाली दिलीत. "बंद मशीनचा भरवसा धरायलास?" मी दिवसभर तुमच्याशी बोललो नाही. संध्याकाळी जेवताना तुम्ही तुमच्या वाटणीचं सुकट उचलून माझ्या ताटात घातलंत आणि खाली मान घालून जेवू लागलात. माफी मागायची तुमची तीच रीत होती, घरात सगळ्यांना माहीत होती.

मग ती मोठी ऑर्डर आली. ब्रॅकेट कमी पडत होते, समोरच्या कंपनीची लाइन थांबायची वेळ आली होती. आमच्या मशीनचा पडदा तेलाच्या वाफेनं सारखा चुकायचा, हात मध्ये नसतानाही मशीन थांबायचं. सोमवारी सुपरवायझर साहेब आले. ते ओरडले नाहीत. तुमच्या कानाशी लागून काहीतरी बोलले आणि निघून गेले. तुम्ही बराच वेळ मशीनसमोर उभे राहिलात. मग पॅनेल उघडलंत, एक वायर इकडून तिकडं जोडलीत, आणि जुन्या मशीनचं पायडल आणून खाली बसवलंत. आता बटणं नकोत, पडदा नको, पायानं दाबायचं आणि दोन्ही हात पत्र्यासाठी मोकळे. "थोडं मॉडिफाय केलंय," तुम्ही म्हणालात, माझ्याकडं न बघता. "आठवडाभरच. हात सांभाळ." मी खूश झालो होतो, मामा. काम भराभर होत होतं. हात एका लयीत चालत होते. तुम्ही बसवलेलं होतं, म्हणून मला दुसरा काही विचारच आला नाही.

मंगळवारी दुपारची शिफ्ट होती. मी पायडल दाबलं, ठोका पडला, पाय उचलला. पीस काढायला डावा हात आत घातला आणि वरचा भाग पुन्हा खाली आला. माझा पाय पायडलवर नव्हता. मशीनचा ब्रेक झिजला होता, हे पुढं कळलं. आवाज रोजचाच होता, त्यामुळं आजूबाजूला कुणी मान वर केली नाही. तुम्ही केलीत. तुम्ही लांब होतात, दुसऱ्या मशीनवर डाय उतरवत होतात, तरी तुम्हाला कळलं. मेन स्विच तुम्हीच पाडलात. मला मागून मिठीत धरून उभं ठेवलंत आणि माझ्या डोळ्यांवर हात ठेवलात, मी बघू नये म्हणून. तुमच्या हाताला ग्रीसचा वास होता. मला गाडीत घालेपर्यंत तुम्ही बरोबर होतात, मग परत आत गेलात. हॉस्पिटलमध्ये तुम्ही संध्याकाळी आलात. मधल्या वेळात पायडल निघालं होतं आणि वायर जागेवर गेली होती.

हे मला सांगितलं माझ्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्यानं. तो बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला आला होता. बराच वेळ हॉस्पिटलच्या जेवणाबद्दल बोलला. मग म्हणाला, "भावा, चौकशी झाली. सरकारी साहेब आले होते. तुझ्या मामानं सांगितलं, पोरानं स्वतःच सेन्सर बंद केला, मी नको म्हणत होतो." मी त्याला म्हणालो, तू नीट ऐकलंस का. तो म्हणाला, "सगळी लाइन उभी होती रे. सगळ्यांनी ऐकलं." कुणीच काही बोललं नाही का, असं मी विचारलं नाही. तोही त्या लाइनमध्ये उभा होता.

त्याच संध्याकाळी तुम्ही डबा घेऊन आलात. मामींनी मऊ भात आणि वरण दिलं होतं. माझा उजवा हात चांगला होता, मी जेवू शकत होतो, पण तुम्ही रोज स्वतः भरवायचात. तुम्ही भात कालवला, घास केला, पुढं धरला. मी तुमच्याकडं बघत राहिलो. तुम्ही घासाकडं बघत होता. मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही म्हणालात, "गार व्हायलंय." मी तोंड उघडलं. सगळा डबा संपेपर्यंत तुम्ही भरवत राहिलात आणि मी खात राहिलो. तुम्हाला कळलं होतं की मला कळलंय. कसं ते सांगता येत नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गाडीचं बुकिंग तुम्हीच रद्द करून आलात. लेग गार्ड दाराच्या मागं उभा होता, एके दिवशी मामींनी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. कंपनीनं मला काही दिवस स्टोअरमध्ये बसवलं आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर नमस्कार केला. चूक माझी ठरली होती, त्यामुळं मला हक्कानं मागता येईल असं फारसं काही उरलं नव्हतं. तुम्हाला लाइनवर देखरेखीचं काम मिळालं, डाय उचलायचं बंद झालं. मी निघोज्याला खोली घेतली, महाळुंग्यात दुसऱ्या कंपनीत टूल स्टोअर सांभाळू लागलो, आजही तेच करतो. तुम्ही अधूनमधून यायचात. दारात चप्पल काढून बसायचात, पावसाबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायचात, चहा घ्यायचात आणि उठायचात. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज. मग फर्स्ट शिफ्टची बस पकडायला उभे असताना तुम्ही स्टॉपवरच कोसळलात. तुमच्या खांद्याला डबा होता, असं मामी सांगतात.

तुमच्या पुण्यानुमोदनाला वस्तीतली, कंपनीतली माणसं आली होती. बुद्धांच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, मग एकेक जण तुमच्याबद्दल बोलायला उठला. एक जण म्हणाला, भाच्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, त्याचा अपघात झाला तेव्हा स्वतःच्या हातानं जेवू घातलं. लोक माझ्याकडं बघू लागले. मला उठावं लागलं. मी म्हणालो, "मामांनी मला काम शिकवलं," आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं शब्द फुटत नाहीत.

आता तुमच्या लेकीचं सांगतो. ती इंजिनिअर झाली. माणच्या आयटी पार्कात नोकरीला आहे, गाड्यांमधल्या कॉम्प्युटरचं काम करते. वाकडला सोळाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, मामी तिच्याबरोबर असतात. मोटारसायकल घेतोय हे कळल्यावर तिनंच फोन केला. "दादा, गाडी मी बनवून देणार. तू फक्त ये." भोसरीत एक मिस्त्री आहे, अपंगांच्या स्कूटरला मागं दोन जादा चाकं बसवून देणारा. आम्ही तिथं गेलो. ती लॅपटॉप घेऊन आली होती, मिस्त्रीनं तिला बसायला रंगाचा डबा पालथा घालून दिला.

पहिलं काय करायचं यावर बराच वेळ बोलणं झालं. तिचं म्हणणं, बटणावर चालणारा क्लच बसवू, बाहेर मिळतो. मिस्त्री म्हणाला, "मिळतो, पर बंद पडला तर दुरुस्त कोन करनार? मागनं कंटेनर येतोय अन् ह्यांची गाडी गिअरमधी." मग क्लचची केबल उजवीकडं आणायचं ठरलं. पण उजवीकडं पुढचा ब्रेक आहे, एका हातानं रेस, ब्रेक, क्लच सगळं कसं होणार, यावर मिस्त्री अडला. तेव्हा तुमच्या लेकीनं कागदावर काढून दाखवलं, पुढचा ब्रेकही पायाच्या पॅडलला जोडायचा, म्हणजे हाताला दोनच कामं राहतात. त्यानं कागद हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "व्हय, हे जमंल." अंगठा आहे म्हणून हॉर्न आणि इंडिकेटर डावीकडंच राहिले. डावा तळवा टेकवायला रबराची खोलगट वाटी ठरली. ती म्हणाली, वर एक पट्टा लावू, हात सुटणार नाही. मी म्हणालो, "पट्टा नको. हात कुठंही अडकता कामा नये." माझा आवाज जरा चढला असावा. मग तिनं हसून विषय बदलला, "लेग गार्ड तरी लावायचा ना? बाबा असते तर आधी तोच म्हणाले असते."

मिस्त्री माप घेत होता. टेप माझ्या हाताला लावता लावता त्यानं सहज विचारलं, "कशात गेला हात?" मी काही बोलायच्या आत तिनं सांगून टाकलं. "प्रेसमध्ये. लहान होता ना तेव्हा, घाई करायचा. ह्यानं स्वतःच सेन्सर बंद केला होता. माझे बाबा नको नको म्हणत होते." तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट माया होती. घरातली जुनी गोष्ट सांगतात तसं सांगत होती. मिस्त्री म्हणाला, "व्हतं तसं. पोरांना घाई असती."

मी तिथं उभा होतो, मामा, आणि मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही घरातही तेच सांगितलं होतंत. चौकशीला आलेल्या साहेबांपुढं बोललात, त्याचा मी पुष्कळ विचार केलाय. नोकरी गेली असती. कदाचित पोलीस आले असते. पोरीची शाळा होती, मामींना दम्याचा त्रास होता, कंपनीनं दोनच रस्ते ठेवले होते आणि तुम्ही घर वाचवणारा घेतलात. ते मला पटत नाही, पण कळतं. घरात कशाला सांगितलंत? तिथं कुणी साहेब नव्हता. मी तीन वर्षं ज्या खोलीत तुमच्या शेजारी झोपलो, त्या खोलीत, माझ्यामागं, त्या एवढ्याशा पोरीला.

गाडी तयार झाली. मोशीच्या बाजूला मोकळं मैदान आहे, तिथं सकाळी आम्ही दोघंच गेलो. उजव्या हातानं क्लच दाबून धरायचा आणि त्याच हातानं हळूहळू सोडत रेस द्यायची, हे वाटलं होतं त्यापेक्षा अवघड होतं. गाडी दोनदा बंद पडली. मग एकदा उचलली आणि पुढं गेली, मी दुसरा गिअर टाकला, मैदानाला लांब वळसा घातला. ती टाळ्या वाजवत होती. नंतर टपरीवर चहा घ्यायला बसलो. तिनं विचारलं, "दादा, मिस्त्रीकडं मी बोलले ते तुला लागलं का? तेव्हापासून तू गप्प आहेस."

मी म्हणालो, "तो सेन्सर मी बंद केला नव्हता."

"मग?"

"तुझ्या बाबांनी केला होता. साहेबांनी सांगितलं म्हणून. पायडलही त्यांनीच बसवलं."

"पण बाबा तर म्हणायचे..."

"चौकशीतही त्यांनी तेच सांगितलं. सगळ्या लाइनसमोर."

तिनं ग्लास खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, फक्त ती एकटक गाडीकडं बघत राहिली. "तू इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू शाळेत होतीस."

"आणि आता?"

मी उठून टपरीवाल्याला पैसे दिले. ती म्हणाली, "आता ते खोटं आहे म्हणून सांगायला बाबा नाहीत. म्हणून आता सांगतोयस." मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, "मग कसं आहे?" तिनं कॅब बोलावली आणि ती येईपर्यंत रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. जाताना मागं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला. त्यांचा श्वास लागलेला होता, एकेक वाक्य थांबून बोलत होत्या. "कशाला सांगितलास तिला?" मी म्हणालो, "मामी, तुम्हाला माहीत होतं?" त्या म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मीच त्यांना म्हणाले होते, काय बी सांगा, पर कामावर राहा. तुझा हात तर गेलाच होता." पुढं म्हणाल्या, "पोरगी एकदा त्यांना म्हणाली, बाबा, तुमच्या मशीनवर दादाचा हात गेला का? तवा ते तिला म्हणाले, त्यानं स्वतःच घातला. त्या दिवशी ते जेवले न्हाईत. मला म्हणाले, एवढी एक तरी माझ्याकडं नीट बघू दे. तेवढं एक घर शिल्लक ठेवलं होतं त्यांनी. ते बी तू घेतलास." मी म्हणालो, "मामी, माझं काय?" त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाल्या, "तुझं काय, ते मी कधी विचारलंच न्हाई. भीती वाटायची." आणि फोन बंद झाला.

मग बरेच दिवस कुणाचा फोन नाही. आरटीओत बदल दाखवून नोंद करून घ्यायची होती, ते काम तुमची लेक करणार होती. मी एकटाच गेलो. तिथल्या साहेबांनी मला आवारात गाडी चालवून दाखवायला लावली, पायाचा ब्रेक दाबून बघितला, आणि हे जोडायचं डोकं कुणाचं, असं विचारलं. मी म्हणालो, बहिणीचं. आता रोज निघोज्याहून कामावर जातो. सकाळी कंपन्यांच्या बस, कंटेनर, सगळ्यांच्या मधून वाट काढावी लागते. उजवा हात संध्याकाळपर्यंत भरून येतो. गाडी चांगली आहे. बावीस वर्षांचा असताना जसं वाटायचं तसं काही वाटत नाही, पण चांगली आहे.

गेल्या शनिवारी ती आली. न कळवता, एकटीच. बारीक झालीय. घरात आली नाही, खाली पार्किंगमध्येच गाडीपाशी उभी राहिली, म्हणून मी खाली गेलो. तिनं क्लच दाबून बघितला. "जड आहे रे. हात दुखत असेल." मी म्हणालो, "सवय होईल." तिनं पर्समधून पाना काढला, येतानाच घेऊन आली होती, आणि खाली बसून केबल सैल करू लागली. मान वर न करता म्हणाली, "आईनं सगळं सांगितलं." मी म्हणालो, "हं." ती म्हणाली, "मी बाबांचा फोटो काढून ठेवला होता. परत लावला. का लावला ते मला विचारू नको." मी विचारलं नाही. तिनं पुन्हा क्लच दाबला, पुन्हा थोडं फिरवलं, मग पाना फडक्यात गुंडाळला. उठताना तिचे डोळे भरले होते. तिनं विचारलं, "त्यांनी तुला कधी सांगितलं? चुकलो म्हणून?"

"नाही."

"तू कधी विचारलंस?"

"नाही."

तिनं पाना पर्समध्ये टाकला. "दादा, तुला आठवण येते का रे त्यांची?"

मी म्हणालो, "नाही." तिनं मान हलवली, तिला ते पटण्यासारखंच होतं, आणि ती गेली.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही. पाठवायला पत्ता नाही, आणि मामींच्या हाती तर लागूच देणार नाही. तुम्हाला माफ केलंय असंही मी इथं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. तुमच्या लेकीला मी जे सांगितलं ते सगळं खरं होतं, मामा. फक्त शेवटचं एक सोडून.